केडगावच्या कुंपणावर चारशे वर्षं

साल १६१२. श्रावण सरत आलाय. केडगावच्या शिवारात बाजरी कंबरेला लागली आहे आणि तुम्ही बांधावर उभे आहात. ईशान्येला दोनेक कोसांवर नगरचा किल्ला. मोगलांनी तो १६०० साली घेतला होता. मलिक अंबरनं तो परत मिळवलाय. नाव निजामशाहीचं चालतं, कारभार अंबरचा. हे सगळं तिकडे. इकडे तुमच्यासमोर एक कुंपण आहे आणि आपला आजचा सगळा प्रवास याच कुंपणाच्या कडेकडेनं व्हायचा आहे.

कुंपण म्हणजे बोरीबाभळी, हिवर, चिलार, मध्येच शेराचा एखादा गचका आणि या सगळ्यावर पसरलेल्या वेली. फांदीत फांदी अशी गुंतलीय की एका टोकाला चढलेला जीव जमिनीला पाय न लावता पार ओढ्यापर्यंत जाईल. गुरं पिकात शिरू नयेत म्हणून माणसानं ते राखलं. वहिवाट मात्र दुसऱ्याच कुणाची आहे. त्याला शोधा.

सापडत नाही ना? कारण तुमची नजर नेहमीचा सरडा शोधते आहे. तोच, मान वरखाली करणारा, लाल गळ्याचा, चाहूल लागली की खोडामागे पळणारा. हा तो नव्हे. आपला आजचा मानकरी सरडगुहिरा. कुठे त्याला घोयरा म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी नुसता ‘हिरवा सरडा’ म्हणून दगड मारतात. तो पळत नाही. पळणं त्याला येतच नाही. तुम्ही आल्यापासून तो त्या बोरीच्या फांदीवर, तुमच्या छातीच्या उंचीवर, हातभर अंतरावर बसलाय आणि फांदीच्या पलीकडच्या बाजूला हळूच सरकून फक्त एक डोळा तुमच्याकडे ठेवून आहे.

आधी तो डोळाच बघा. वरची आणि खालची पापणी जुळून खवल्यांचा एक छोटा बुरूज झालाय आणि त्याच्या टोकाला मोहरीएवढी खिडकी. बुरूज फिरतो. वर, खाली, मागे. दुसऱ्या बाजूचा बुरूज त्याच वेळी बाजरीच्या दिशेनं वळलाय, कारण दोन्ही डोळ्यांचा कारभार स्वतंत्र आहे. एकानं तुमच्यावर पहारा, दुसऱ्यानं जेवणाचा शोध. पाच मिनिटं उभे राहा. त्यानं मान वळवलेली तुम्हाला दिसणार नाही.

आता अंग. दोन्ही बाजूंनी चपटं, उभं धरलेलं. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजलं तर फूटभराहून थोडं जास्त, त्यातली निम्मी शेपटी. डोक्यावर मागे उंच होत गेलेलं शिरस्त्राण, पाठीच्या कण्यावर बारीक दातेरी रेघ, तशीच हनुवटीखालून पोटापर्यंत एक फिकट रेघ. पाय म्हणाल तर सांडशी. पुढच्या पायाची तीन बोटं आतल्या बाजूला एकत्र बांधलेली, दोन बाहेरच्या; मागच्या पायाचं बरोबर उलट, दोन आत, तीन बाहेर. या चार सांडशांनी फांदी धरली की श्रावणातला वारा त्याचं काही वाकडं करत नाही. पाचवा हात शेपटीचा. ती गुंडाळून ठेवलीय, पण पाऊल टाकताना उलगडते आणि मागच्या काटकीला विळखा घालते. पालीसारखी ही शेपटी तुटून पडत नाही. गेली तर परत उगवत नाही. म्हणून जपून.

आणि चाल? एक पाय उचलला, पुढे नेला, ठेवता ठेवता मागे घेतला, पुन्हा पुढे. अख्खं अंग त्या लयीत पुढेमागे डुलतं. वाऱ्यानं हलणाऱ्या पानांत हे डुलणं मिसळून जातं. शिक्रा वरून बघतो, भारद्वाज झुडपात घुसून शोधतो, धामण खालून येते, आणि या सगळ्यांची नजर हालचाल टिपणारी आहे. तेव्हा चालायचंच असेल तर पानासारखं.

आता एक वेगळी गोष्ट करू. काळात मागेपुढे जाण्याऐवजी काळ जरा ताणून बघू. बाजरीच्या पात्यावर एक नाकतोडा येऊन बसलाय. गुहिऱ्यापासून वीतभर, थोडं जास्तच. पुढे जे घडणार आहे ते सेकंदाच्या दहाव्या भागात संपेल, साध्या डोळ्यांना ‘नाकतोडा होता, नाकतोडा नाही’ एवढंच कळेल. म्हणून तो दहावा भाग आपण चांगला पाच मिनिटांचा करून घेऊ.

पहिल्यांदा तुमच्यावरचा पहारा उठतो. दोन्ही बुरूज पुढे वळतात आणि नाकतोड्यावर येऊन थांबतात. दोन डोळे एकाच जागी लागले म्हणजे तुम्हाला वाटेल की आपल्यासारखाच दोन डोळ्यांच्या फरकावरून तो अंतर जोखत असेल. नाही. १९७७ साली लिंडसे हार्कनेस या संशोधिकेनं गुहिऱ्यांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरली, म्हणजे सरळ भाषेत त्यांना चष्मे लावले. गुहिऱ्यांचा नेम चुकला, आणि चुकला तो भिंगानं जेवढा चुकायला हवा त्या हिशेबानं. म्हणजे डोळा नेमका लावायला जो ताण द्यावा लागतो, त्या ताणावरून हा प्राणी अंतर ओळखतो. आणि ते काम एकेक डोळा एकट्यानंही करू शकतो. पुढे १९९५ मध्ये असंही कळलं की याच्या डोळ्यातलं भिंग प्रकाश एकवटण्याऐवजी पसरवणारं आहे, त्यामुळे डोळ्याच्या पडद्यावर पडणाऱ्या प्रतिमेतला मधला भाग मोठा होऊन दिसतो. छायाचित्रकार लांबलचक लेन्स घेऊन फिरतात, त्याचं काम हा मोहरीएवढ्या खिडकीतून करतो.

डोकं पुढे येतं. तोंड उघडतं. जिभेचं जाड टोक ओठाबाहेर डोकावतं आणि क्षणभर तिथेच थांबतं. आत काय चाललंय ते बघायला वाकून बघा, तो चावणार नाही, त्याचं लक्ष नाही. जिभेच्या पोकळीत एक निमुळती काडी आहे, हाडाची आणि कूर्चेची. तिच्यावर चिवट तंतूंची आवरणं, एकात एक बसवलेली. त्यांच्या बाहेर एक गोल स्नायू. हा स्नायू आवळू लागतो. आवळला की आवरणं ताणली जातात, धनुष्याची दोरी ओढावी तशी ताकद त्यांच्यात साठते. जीभ अजून जागच्या जागी. मग स्नायू सरकत सरकत काडीच्या निमुळत्या टोकावर येतो, आवरणांना आता धरून ठेवायला काही उरत नाही, आणि सगळी साठवलेली ताकद एकदम सुटते.

जीभ निघाली. अंगाच्या लांबीच्या दीडपट जायची तिची तयारी आहे. टोकाचा मांसल गोळा नाकतोड्यावर आपटतो, मध्ये खोलगट होतो आणि त्याला कवेत घेतो. वर लाळ अशी की माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे चारशे पट घट्ट. बेल्जियम आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ती मोजली. परतीचा प्रवास त्या मानानं सावकाश. तो स्नायूंनीच ओढायचा असतो. नाकतोडा पाय झाडत येतो, जबडे मिटतात, दोन-तीनदा चावल्याचा कुरकुर आवाज येतो. काळ पुन्हा नेहमीच्या चालीवर.

ही धनुष्याची युक्ती नुसत्या वेगासाठी नाही. नगरच्या मार्गशीर्षातल्या सकाळी हवा गार पडते. सरपटणाऱ्या प्राण्याचं अंग गार म्हणजे स्नायू सुस्त. बाकीचे सरडे उन्हाची वाट बघत पडून राहतात. गुहिऱ्याची जीभ मात्र थंडीतही जवळजवळ तेवढ्याच जोरानं सुटते, कारण सोडण्याचं काम स्नायूंचं नाही, ताणलेल्या तंतूंचं आहे. इतरांची न्याहारी व्हायच्या आत याची आटोपलेली असते. टोळ, माश्या, सुरवंट, पतंग, कोळी, जे आवाक्यात येईल ते. पाणी प्यायला तो डबक्यावर उतरत नाही. पानावरचे दवाचे नि पावसाचे थेंब चाटतो.

धनुष्याचा विषय निघालाच आहे, तर थोडा आडमार्ग करू. साल हेच, पण तुम्ही आता जहांगीर बादशहाच्या चित्रशाळेत उभे आहात. उस्ताद मन्सूर गुडघ्यावर पाटी घेऊन बसलाय. याच सुमारास त्यानं एक सरडगुहिरा रंगवला. ते चित्र आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात, विंडसरला आहे. फांदीला धरलेल्या सांडशा, कातडीवरचा दाणान् दाणा, डोळ्याचा बुरूज, गुंडाळलेली शेपटी, सगळं जिथल्या तिथे. चारशे वर्षांपूर्वीच्या या चित्रात आजच्या प्राणिशास्त्रज्ञाला नाव ठेवायला जागा मिळत नाही. त्याच दरबारात काही वर्षांनी अबुल हसननं दुसरं एक चित्र काढलं: जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टोचलेल्या मलिक अंबरच्या शिरावर बाण सोडतोय. अंबर बादशहाच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ मध्ये तो म्हातारा होऊन आपल्या मरणानं गेला. एकाच चित्रशाळेतले दोन नेमबाज, आणि खरा नेम त्यातल्या हिरव्याचा.

हिरव्याचा म्हटलं, कारण मन्सूरनं तो हिरवा रंगवलाय. तो त्या घटकेचा रंग.

परत केडगावात या. भाद्रपद लागलाय. तुमच्या त्या बोरीवर सकाळी सातला गुहिरा हिरवा नाहीच. काळपट तपकिरी आहे आणि अंग आडवं करून उन्हाला धरून बसलाय. गडद रंग ऊन लवकर पितो. आठ-साडेआठला अंग तापलं की हिरवा होऊ लागतो. दुपारी ऊन चढलं की फिकट पिवळट. असा दिवसभराचा हिशेब उन्हाशी जुळलेला. आज मात्र साडेनऊला कुंपणाच्या पलीकडच्या टोकाकडून दुसरा नर येतोय. डुलत डुलत. त्याला यायला पाऊण तास लागतो, पण नगरचा माणूस बैलांच्या झुंजीला जितक्या चिकाटीनं उभा राहील तितक्या चिकाटीनं हे बघण्यासारखं आहे.

दोघं एकमेकांना आडवे होतात. अंग फुगवतात, पण फुगवतात ते उंचीला, म्हणजे बाजूनं बघणाऱ्याला दीडपट मोठे दिसावेत. गळा फुगतो. फुत्कार. आणि रंग. आपल्या गुहिऱ्याच्या हिरव्यावर पिवळ्या पट्ट्या उजळतात, त्यांच्या मधून काळे ठिपके फुटतात, सगळा देह लखलखीत होतो. फांदी तपकिरी, पानं गर्द हिरवी, आणि हा असा की शंभर पावलांवरून दिसावा. समोरच्याचा रंगही चढतो, थोडा वेळ टिकतो, मग मावळायला लागतो. मळकट, करडा. तो हरला. एकमेकांना स्पर्शही झालेला नाही. मळकट झालेला वळतो आणि आल्या वाटेनं परत डुलत निघतो.

हे कसं होतं, ते पक्कं कळायला २०१५ साल उजाडावं लागलं. जिनेव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिंकोविच यांच्या गटानं मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑन या रंगीबेरंगी गुहिऱ्याची कातडी तपासली. रंगद्रव्याच्या थराखाली काही पेशी आहेत आणि त्यांत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक रांगेनं मांडलेले. प्राणी शांत असताना स्फटिक जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परतवतात. वरच्या पिवळ्या थरातून तो निळा बाहेर आला की आपल्याला हिरवा दिसतो. प्राणी चवताळला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं, मग पिवळा, नारिंगी, तांबडा. जोडीला काळ्या रंगाच्या पेशी आहेतच. आपला केडगावचा गडी पँथरसारखा निळा-तांबडा होत नाही. हिरवा, पिवळा, तपकिरी, काळा एवढ्या चार रंगांतच त्याचं सगळं बोलणं.

पण बोलणं आहे, हे लक्षात घ्या. इथे मला आपल्या राजकारणाच्या बातम्या लिहिणाऱ्यांशी थोडं भांडायचं आहे. पक्ष बदलणाऱ्याला सरड्याची उपमा देऊन आपण या प्राण्यावर अब्रुनुकसानीचा दावा लागेल इतका अन्याय केलाय. लपण्यासाठी त्याचं अंगचं हिरवेपण आणि पानासारखी चाल पुरेशी असते. रंग बदलतो तो बहुतेक वेळा थंडी वाजते म्हणून, ऊन लागतं म्हणून, राग आला म्हणून, हरलो म्हणून. जे आत चाललंय ते कातडीवर. याच्याइतकं खोटं बोलायला नालायक जनावर दुसरं नसेल. गाभण मादीसुद्धा जवळ येणाऱ्या नराला रंगानंच सांगते की चालता हो. पुढारी एवढं उघड वागले तर नगर जिल्ह्यात निवडणुका किती सोप्या होतील!

पुढे चला. १७६८ ला एक पाऊल व्हिएन्नात टाकू: लॉरेंटी नावाच्या वैद्यानं या प्राण्याला ‘कॅमिलिओ झेलॅनिकस’ असं शास्त्रीय नाव दिलंय, म्हणजे सिलोनचा. जगात गुहिऱ्यांच्या दोनशेहून जास्त जाती. बहुतेक सगळ्या आफ्रिकेत आणि मादागास्करमध्ये. २०२१ मध्ये मादागास्करचा ब्रुकेसिया नाना जाहीर झाला, त्याचा नर शेपटीसकट जेमतेम २२ मिलिमीटर. एवढ्या मोठ्या गोतावळ्यातला भारताच्या वाट्याला आलेला हा एकच. इथे त्याला भाऊबंद नाहीत, म्हणूनच त्याला कुठे बसवावं हे आपल्या लोकांना कधी ठरवता आलं नसावं.

१८०३, ८ ऑगस्ट. पावसाची भुरभुर. वाळकीच्या मुक्कामावरून इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीची फौज नगरच्या पेठेवर चालून गेली आहे. १२ तारखेला किल्ला शिंद्यांच्या हातून जाईल. तोफांचा आवाज केडगावपर्यंत येतोय. गुहिऱ्याला बाहेरचा कान नाही आणि ऐकू येतं तेही बेताचंच. पावसाळी माश्या ढिगानं आहेत. त्याचं चांगलं चाललंय.

१९४४ च्या उन्हाळ्यातली एक रात्र. किल्ल्याच्या बंदिवासात नेहरू ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढताहेत. तुमच्या हातात कंदील आहे आणि तुम्ही त्याच कुंपणाशी आलात. दिवसा तासभर शोधून न सापडणारा प्राणी आत्ता दहा पावलांवरून दिसतो, कारण झोपेत त्याचा रंग उतरलाय. पांढुरका पिवळा, बारीक काटकीच्या अगदी टोकावर, शेपटीची घट्ट गुंडाळी करून. टोकावरच का? साप आला की काटकी आधी हलते, आणि हा सरळ खाली सोडून देतो.

आता १९७२. इथे थोडं थांबावं लागेल.

भाद्रपद, पण ओळखू येत नाही. बाजरी उगवून करपली. रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चाललंय. बाया खडी फोडतायत, गडी पाट्या वाहतायत. जेवणाच्या सुट्टीत फडक्यात बांधलेली लाल मिलोची भाकरी निघते. बाभळी, बोरी, हिवर, सगळ्यांचा पाला शेळ्यांसाठी ओरबाडून नेलाय. कुंपण म्हणजे नुसत्या काट्यांचा सांगाडा, आणि त्या सांगाड्यावर, लपायला एक पान नसताना, एक सरडगुहिरा. रंग मातीचा. बरगड्या मोजाव्यात. पाऊस नाही म्हणजे गवत नाही, गवत नाही म्हणजे नाकतोडे नाहीत. चाटायला दव नाही. एखादी माशी येते, तिच्यात जेवढा ओलावा तेवढंच पाणी.

आठ-नऊ वर्षांचं एक पोर त्याला बघतं. खडीला तोटा नाहीच. हातात दगड आलेला आहे.

“मारू नगं रं,” म्हातारी म्हणते.

“आज्जे, इखारी हाय त्यो. त्याचा थुका उडला की आंधळं व्हतंय.”

“कोन म्हन्लं?”

“आबा म्हन्ले.”

“तुझ्या आबाला काय जातंय. बावन्न सालापासनं बघती मी ह्यास्नी, झाले का मी आंधळी? ठिव खाली.” मग भाकरीचा तुकडा मोडत, जरा वेळानं, “पोथीत न्हाई का त्यो राजा. नृग राजा. गाई दान करायचा. येक गाय दोघांस्नी दान दिली गेली चुकून, तर सरडा व्हऊन हिरीत पडला. किस्नदेवानं काढला त्याला वर.”

पोर कुंपणाकडे बघतं. “ह्यो त्योच हाय?”

“हिरीच आटल्यात बाबा समद्या. आला आसंल आपल्या आपन वर.”

शेजारच्या दोघी-तिघी हसतात. दगड खाली पडतो. विषाचं म्हणाल तर गुहिऱ्यात विष नावाला नाही. हातात धरून छळलं तर चावतो, चिमटा बसल्यासारखं लागतं, बस. याच सप्टेंबरात दिल्लीला वन्यजीव संरक्षण कायदा मंजूर झालाय आणि पुढे त्याच्या यादीत हा प्राणीही आहे; त्याला पकडणं, मारणं, पाळणं गुन्हा. खडीवरच्या म्हातारीनं कायद्याची वाट बघितली नाही.

शेवटचा टप्पा आजचा. केडगाव महापालिकेत आहे, जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पुणे रस्त्यावरून ट्रकांची रांग संपत नाही. नवरात्र आहे. पहाटेपासून रेणुकामातेच्या दर्शनाला माणसं पायी चालली आहेत. तुम्ही आपलं कुंपण शोधताय. इकडे सिमेंटच्या खांबांना ताणलेली तार, तिकडे प्लॉटची भिंत, मग पत्रे, मग पुन्हा भिंत. मध्ये एका न विकल्या गेलेल्या तुकड्यात पाच-सात बाभळी आणि घाणेरीचं रान. घाणेरी अमेरिकेतून आलेली आगंतुक, गुरं तोंड लावत नाहीत, पण तिच्या फुलांवर माश्या आणि फुलपाखरं येतात, म्हणून गुहिऱ्यानं तिला आपलं म्हटलंय. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणताना कुंपण आहे हे आपण धरूनच चाललो होतो. तार त्याच्या सांडशीत बसते, पण तारेवर माशी येत नाही आणि सावली पडत नाही. भिंतीला तर धरायलाच काही नाही.

घाणेरीत एक मादी आहे. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, अंगावर गडद डाग. गेले दोन दिवस तिनं काही खाल्लेलं नाही. आता ती जे करते आहे ते गुहिऱ्याच्या जातीला अजिबात आवडत नाही: ती खाली उतरते आहे. झाडावर जगणाऱ्या या प्राण्याला अंडी मात्र मातीत घालावी लागतात. माती ओलसर हवी, पण पाणी साचणारी नको. भुसभुशीत हवी, पण ढासळणारी नको. ती एका ठिकाणी उकरते, खाली मुरूम लागतो, सोडून देते. दुसरीकडे बांधकामाचा राडारोडा. तिसऱ्या जागी, बाभळीच्या बुंध्याशी, जमतं. पुढच्या पायांनी उकरायचं, मागच्यांनी माती लोटायची. दुपार कलते तेव्हा शेपटीचं टोक तेवढं बाहेर दिसतं. आत पांढरी, मऊ कवचाची अंडी, वीस-पंचवीस. मग माती लोटून, दाबून, वरून पालापाचोळा ओढून ती निघते. पुन्हा या जागेकडे ती बघणार नाही. अंडी महिनोन्महिने मातीत राहतील. मादागास्करच्या लॅबोर्डच्या गुहिऱ्याचं तर असं आहे की आठ-नऊ महिने अंड्यात आणि बाहेर आल्यावर चार-पाच महिन्यांत जन्म, लग्न, मरण सगळं उरकलेलं. आपल्याकडची पिल्लं इतकी घाईची नाहीत. मात्र पहिल्या दिवसापासून त्यांना स्वतःचं स्वतः बघावं लागतं. जीभ तयार असते, शिकवायला कोणी नसतं, आणि फार वेळ एकत्र राहिली तर मोठं पिल्लू लहानाला खायला कमी करत नाही.

मादी निघाली खरी, पण वाट चुकली. खंगलेली आहे, मातीनं माखलेली आहे, घाणेरीऐवजी ती देवीच्या रस्त्यावर आली. डांबरावर तिची ती पानासारखी चाल: पाऊल पुढे, मागे, पुढे. एक मोटारसायकल वळसा घालून जाते. दुसरी येतेय. दर्शनाहून परतणाऱ्या घोळक्यातली एक बाई हात आडवा करून तिला थांबवते. मोटारसायकलवाला आधी वैतागतो, मग उतरून बघतो.

“आत्या, हात नका लावू, विषारी असतंय ते!” बरोबरची कॉलेजातली पोरगी ओरडते आणि मोबाइल काढते.

“तू फोटो काढ. मी बघते त्याचं.”

आत्यानं हात लावलेला नाही. रस्त्याच्या कडेची एक वाळकी काटकी उचलून तिच्या पुढ्यात आडवी धरलीय. गुहिऱ्याला धरून उचलू नये. जीव घाबरून अर्धा होतो आणि पायाची बोटं ओढून निघताना दुखावतात. काटकी धरली की तो आपणच चढतो. मादी फुगते, तोंड उघडते, काळी पडते, फुत्कारते. आत्या काटकी हलवत नाही. मिनिटभरानं एक सांडशी काटकीवर येते. मग दुसरी.

“केवढा वेळ लावतंय,” मोटारसायकलवाला म्हणतो.

“तुमच्या गाडीला कुठं जायचंय एवढ्या घाईनं?”

“कामाला, मावशी.”

“मग जावा की. आमचं चाललंय.”

तो जात नाही. गाडी स्टँडला लावून पाठीमागच्या ट्रकला हात दाखवत रस्त्याच्या मधोमध उभा राहतो, आणि पोरगी विचारते, “आत्या, पण हिला सोडायचं कुठं? सगळीकडे तर भिंतीच आहेत.”

“त्या बाभळींत. चल, तू पुढं हो, काटे बाजूला कर.”